सूपमधला चेंडू

मँचेस्टरला आल्यावर बरीच वर्षं माझा उद्योग एकच होता. रोज सकाळी अठरा भोकं पाडायची आणि आदल्या दिवशीची अठरा बुजवायची.

थट्टा नाही करत. गोल्फच्या मैदानात झेंडा रोवलेलं जे होल असतं, ते रोज जागा बदलतं. एकाच जागी ठेवलं तर लोकांच्या पायांखाली भोवतालचं गवत मरतं. म्हणून उजाडता उजाडता कुणीतरी पोलादी नळीसारखं अवजार घेऊन ग्रीनवर, म्हणजे त्या बारीक कातरलेल्या हिरवळीवर, नवं होल कापायचं आणि निघालेला गवतासकटचा मातीचा गड्डा जुन्या होलात चपखल बसवायचा. ते 'कुणीतरी' म्हणजे मी. माझी बायको सुनंदा मिरजेला आईला फोनवर सांगायची, "हे इथं गार्डन खात्यात आहेत." सासूबाई त्यावर शेजारणीला काय सांगायच्या ते मी कधी विचारलं नाही.

सुनंदा नर्स. २००४ साली तिला इथल्या हॉस्पिटलात नोकरी लागली आणि तिच्या व्हिसाला चिकटून मी आलो. मिरजेत क्रिकेटच्या मैदानावर रोलर फिरवायचो, पिच तयार करायचो. शिक्षण नववी, तेही पूर्ण नाही. गवताशिवाय जगातलं दुसरं काही मला कळत नाही, हे मी नोकरीच्या फॉर्मवर लिहिणार होतो. सुनंदाने तिथे 'विशेष अनुभव : टर्फ' असं लिहिलं. टर्फ म्हणजे गवतच. ट्रामच्या शेवटच्या स्टॉपपासून पुढे बसने गेलं की हा गोल्फ क्लब होता. घेतलं त्यांनी. पण पहिलं वर्षभर खिडकीवालं सरकारी पाकीट दारात पडलं की मी ते न उघडता सुनंदाची वाट बघायचो. वाटायचं, कळलं यांना. आता परत पाठवणार.

पहिल्याच आठवड्यात सतराव्या ग्रीनवर होल कापून मी झेंडा रोवत होतो, तर मागून आवाज आला, "हे लिव्हरपूलकडे झुकलंय."

वळून बघतो तर पन्नाशीला टेकलेला एक किडकिडीत माणूस हिरवळीवर पालथा पडला होता. गाल गवताला, एक डोळा मिटलेला. पिवळा स्वेटर दवाने भिजत होता. मला वाटलं, क्लबचा कुणी मोठा मेंबर. नोकरी गेली.

"सॉरी सर," मी म्हणालो.

"सर कोण? माफी माग म्हणालो का मी? अवजार दे."

त्याने ते अवजार माझ्या हातून काढून घेतलं, दोन्ही पाय फाकवले आणि खांद्यांनी नाही, तर कंबरेने वळवत एका दमात होल कापलं. सरळ, विहिरीसारखं. मग ते माझ्या हातात देऊन म्हणाला, "माझा बाप हेच करायचा. तो म्हणायचा, वाकडं होल हे खोटं बोलणाऱ्या साक्षीदारासारखं असतं. आता माझं हे बुजव आणि तुझं काप. दहा वेळा."

हा रेमी दास्ताग. आमच्या क्लबचा प्रोफेशनल, म्हणजे मेंबरांना पैसे घेऊन गोल्फ शिकवणारा नोकरदार खेळाडू. माझ्यापेक्षा अकरा वर्षांनी मोठा. मी त्याला इथे 'तो' म्हणतोय त्याचं कारण असं, की त्याला कुणी मान दिला की तो आधी खिसा चाचपून बघायचा.

रेमीकडे बघितलं की पहिली नजर जायची ती त्याच्या हातांवर. गोल्फवाले एकाच हातात मोजा घालतात. तीस-पस्तीस वर्षं उन्हात खेळून त्याचा उजवा हात मिरजेच्या कुठल्याही शेतकऱ्यासारखा रापलेला आणि डावा दुधासारखा पांढरा. दोन हात दोन माणसांचे वाटायचे. तो म्हणायचा, "उजवा कमावतो, डावा जमीनदार आहे."

कॉफीसाठी तो क्लबहाऊसमध्ये पाऊल टाकायचा नाही. तिथली कॉफी म्हणजे गाडी धुतलेलं पाणी, हे त्याचं मत त्याने तक्रारवहीत चार वेळा नोंदवलं होतं. स्वतःची छोटी शेगडी आणि अॅल्युमिनियमचं भांडं घेऊन तो आमच्या शेडमध्ये यायचा. शेड म्हणजे गवत कापायची यंत्रं, खताची पोती, आणि आमचा मुख्य माळी केन. केन लँकशरचा. दिवसाला अकरा-बारा वाक्यं बोलायचा, त्यातली निम्मी हवामानावर. एका बाजूला रेमीची कॉफी, दुसऱ्या बाजूला माझा आल्याचा चहा. रेमी चहा पिऊन म्हणायचा, "सूप चांगलं आहे." केन म्हणायचा, "पाऊस येणार."

क्लबचे सेक्रेटरी मिस्टर क्रॉली यांचं आणि रेमीचं युद्ध मी यायच्या आधीपासून चालू होतं. क्रॉली दररोज साडेबारा वाजता पहिल्या टीजवळच्या टेरेसवर बसून हिरव्या वाटाण्याचं सूप प्यायचे. टी म्हणजे जिथून पहिला फटका मारतात तो चौथरा. थंडी असो, वारा असो, रिमझिम असली तर छत्रीखाली. सूप पिता पिता सगळ्यांवर लक्ष. रेमीला बोलावून ते सुनवायचे : दुकान वेळेवर उघडत नाही, शेगडीला परवानगी नाही, फ्रान्सहून आणलेली डाव्या बाजूला स्टिअरिंग असलेली गाडी दोन जागा अडवते. रेमी अत्यंत आदराने ऐकून घ्यायचा आणि शेवटी खांदे उडवून म्हणायचा, "सॉरी, मिस्टर क्रॉली. नो इंग्लिश."

पाचच मिनिटांनी हाच माणूस शेडमधून टेलिफोन कंपनीच्या माणसाशी असं इंग्रजीत भांडायचा, की केन यंत्र बंद करून ऐकत उभा राहायचा.

एक मेंबर होते, रिटायर झालेले डेंटिस्ट. चेंडू होलात ढकलायची जी काठी असते, पटर, ती ते दर महिन्याला बदलायचे. चेंडू गेला नाही की काठी वाईट. एकदा त्यांनी वैतागून आपला पटर रेमीच्या दुकानात टाकून दिला. रेमीने त्याची मूठ बदलली, दांडा घासला, कातडी पिशवीत घातला आणि दोन महिन्यांनी त्याच गृहस्थांना दाखवला. म्हणे, पिरेनीजच्या डोंगरातला एक म्हातारा लोहार वर्षाला तीनच बनवतो. डेंटिस्टांनी तो घेतला आणि त्या महिन्याची क्लबची स्पर्धा जिंकले. बक्षीस घेताना त्या लोहाराचे जाहीर आभार मानले. रेमी मागे उभा राहून डोळे पुसत होता.

मला भीती वाटली. "कळलं तर?"

"कळायला काय आहे? पटर तोच, हात तोच. मी फक्त मधला डेंटिस्ट काढून टाकला."

इतका लबाड माणूस, पण स्कोअरकार्डावर मात्र देवळात बसल्यासारखा बसायचा. गोल्फमध्ये पंच मागे फिरत नाही. आपले फटके आपणच मोजायचे आणि कार्डावर सही करायची. रेमीची शाळा यातच गेली. फ्रान्समधल्या पो नावाच्या गावाजवळ त्याचा बाप मैदानाचा माळी, आणि चौदा वर्षांचा रेमी सुट्टीत लोकांच्या पिशव्या वाहायचा. एकदा पिशवी मिळाली ती त्याच्याच हेडमास्तरांची. हेडमास्तर वाळूच्या खड्ड्यात उतरले आणि नऊ फटके मारूनच वर आले. "पाच लिही," म्हणाले. रेमीने नऊ लिहिले आणि खाली नीट सही केली. सोमवारी बापाला शाळेत बोलावणं आलं. त्यानंतर रेमी शाळेत गेला नाही.

ही गोष्ट त्याने मला सांगितली तेव्हा मी पहिल्यांदा या देशात कुणाला तरी सांगून टाकलं की मी नववीतून बाहेर पडलोय. सांगताना माझा आवाज इतका खाली गेला की त्याला पुन्हा विचारावं लागलं.

"नववी?" तो म्हणाला. "म्हणजे माझ्यापेक्षा जास्त शिकलास. उगाच मान खाली घालतोस. चेंडूला तुझी शाळा माहीत नसते."

गवतावर औषध फवारायचं तर इथे सर्टिफिकेट लागतं. परीक्षा. ते नसेल तर केन मला कायमचं ठेवू शकत नव्हता. पुस्तक उघडलं की मला नववीचा वर्ग दिसायचा आणि अक्षरं हलायला लागायची. सुनंदा नाइट ड्यूटी करून येऊन शिकवायला बसायची, मी जांभया द्यायचो, ती रडकुंडीला यायची. रेमीने पुस्तक काढून घेतलं. म्हणाला, चल चालायला. प्रत्येक होलवर एक प्रश्न. वारा इतका असेल तर फवारायचं का? तळ्यापासून किती लांब? उत्तर बरोबर आलं तर त्याने मला एक फटका मारायला शिकवायचं, चुकलं तर मी दुसऱ्या दिवशी कांदाभजी आणायची. पहिल्या आठवड्यात सुनंदाने तीन किलो कांदे संपवले. म्हणाली, "अहो, जरा अभ्यास करा, नाहीतर तो माणूस ढेरपोट्या होईल आणि मी तळून तळून मरेन."

मी पास झालो. सर्टिफिकेट आलं तेही खिडकीवाल्या पाकिटातच. रेमीने ते शेडच्या भिंतीवर खिळ्याने ठोकलं, आणि केन म्हणाला, "ऊन पडलंय." पडलं नव्हतं.

आता रेमीच्या कारकिर्दीबद्दल. एकोणिसाव्या वर्षी तो प्रोफेशनल झाला आणि पंधरा-सोळा वर्षं युरोपभर खेळला. तिकडे खेळायला कार्ड लागतं, वर्षभराचा परवाना. खेळ पडला की कार्ड जातं, मग पुन्हा पात्रता फेरी. याचं कार्ड इतक्या वेळा गेलं आणि आलं, की तो म्हणायचा, माझं कार्ड आणि मी, आमचा संसार आहे, ती माहेरी जाते, मी आणायला जातो. स्पर्धा चार दिवसांची असते. दोन दिवसांनंतर खालच्या निम्म्या लोकांना घरी पाठवतात. "शुक्रवारी संध्याकाळी सामान बांधण्यात," रेमी म्हणायचा, "माझ्याइतका वेगवान माणूस युरोपात नव्हता."

मोठी स्पर्धा त्याने एकही जिंकली नाही. एकदाच जवळ गेला होता. पोर्तुगालमध्ये. तीन दिवस पुढे, चौथ्या दिवशीही पुढे, आणि शेवटून दुसऱ्या होलवर घात झाला. कसा? तर चेंडू उडाला तो थेट हॉटेलच्या टेरेसवर, जेवत बसलेल्या एका बाईंच्या सूपमध्ये. नियम असा की चेंडू पडेल तिथून खेळायचा. बाई बशी सोडेनात. वेटर म्हणे, सर, आधी ब्रेड देऊ?

ही गोष्ट मी निदान वीस वेळा ऐकली. पहिल्यांदा ते माशांचं सूप होतं. मग टोमॅटोचं झालं. डेंटिस्टांना सांगताना कांद्याचं होतं आणि बाई एका मंत्र्याच्या पत्नी होत्या. मी एकदा म्हणालो, "परवा तर मासे होते." रेमी गंभीर झाला. "वसंत, मोठी हॉटेलं रोज सूप बदलतात."

हे सगळं हसण्यावारी. पण रोज संध्याकाळी सगळे मेंबर गेले की तो एकटाच सतराव्या ग्रीनवर यायचा. त्या ग्रीनचा मागचा डावा कोपरा उताराचा आहे. तिथे त्या दिवशी होल असो नसो, तो चेंडू ठेवायची लाकडी खुंटी जमिनीत रोवायचा, तिच्यापासून चार फूट वरच्या बाजूला चेंडू ठेवायचा आणि उतारावरून खुंटीला लावायचा. चेंडू आधी डावीकडे जायचा आणि मग हळूच उजवीकडे वळून टक्क. दहातले नऊ. दोन वर्षं मी हे पाहिलं. आमच्या मैदानावर अठरा ग्रीन आहेत. हा माणूस रोज तेवढ्याच एका कोपऱ्यात. मी मनाशी म्हटलं, असते एकेकाची आवडती जागा.

२००६ साली त्याला पन्नास वर्षं पूर्ण झाली. पन्नाशीवरच्या खेळाडूंचं वेगळं सर्किट असतं, आणि त्याची पात्रता फेरी त्या वर्षी नेमकी आमच्या मैदानावर आली. दोन दिवस खेळायचं. पहिल्या पाच जणांना वर्षाचं कार्ड. इकडे क्लबने रेमीला सांगूनच टाकलं होतं, ऑक्टोबरनंतर तरुण माणूस ठेवणार. कार्ड मिळालं तर रेमी पुन्हा खेळाडू. नाही तर गावी जाऊन भावाच्या चीजच्या दुकानात उभं राहायचं. भाऊ त्याला आवडत नसे. चीजही नाही.

"एक वर्ष पुरे," एकदा तो शेडमध्ये म्हणाला. पहिल्यांदाच त्याच्या बोलण्यात खोडी नव्हती. "पहिल्या टीवर एक माणूस उभा असतो. तो मोठ्याने नाव पुकारतो. फ्रॉम फ्रान्स, रेमी दास्ताग. मग सगळे गप्प होतात आणि तू टोपी काढतोस. पंधरा वर्षं कुणी माझं नाव पुकारलं नाही, वसंत. क्रॉली ओरडतो, ते धरून नाही."

पहिल्या दिवशी खरंच पुकारलं. मी झुडपाआडून बघत होतो. त्याने टोपी काढली, आणि ती परत घालायला विसरून फटका मारला. संध्याकाळी तो चौथा होता.

आता माझं पाप सांगतो.

स्पर्धेत होल कुठे कापायचं ते मी ठरवत नाही. अधिकारी आदल्या संध्याकाळी प्रत्येक ग्रीनवर पांढरा ठिपका मारून जातात, सकाळी मी त्यावर कापायचं. दुसऱ्या दिवशी साडेपाचला मी सतराव्यावर पोचलो. ठिपका उजवीकडे पुढे, वाळूच्या खड्ड्याला लागून. आणि तो कोपरा, त्याचा कोपरा, दवात नुसता चमकत होता. खुंटीच्या बारीक बारीक छिद्रांनी जाळी झालेला. मी आयुष्यात कॉपी केलेली नाही. केली असती तर नववी तरी पास झालो असतो. पण त्या सकाळी मी खिशातल्या सुरीने तो ठिपका गवतासकट खरवडला, वर चिमूटभर वाळू टाकली, आणि डाव्या कोपऱ्यात माझ्या आयुष्यातलं सगळ्यात सरळ होल कापलं. विहिरीसारखं.

अकराला पहिले खेळाडू सतराव्यावर आले आणि गोंधळ झाला. त्यांच्या हातातल्या कागदावर होल उजवीकडे, समोर झेंडा डावीकडे. अधिकारी धावत आला. तोवर पहिली तुकडी खेळून गेली होती, आता सगळ्यांना तेच होल द्यावं लागणार, म्हणून त्याने ते तसंच ठेवलं. केनने माझ्याकडे बघितलं. मी दाताळं घेऊन खड्ड्यातली वाळू सारखी करायला लागलो. ती आधीच सारखी होती.

रेमी आला तेव्हा दुपार झाली होती. फळ्यावर तो पाचवा. दोन होल उरलेले, दोन्ही नीट खेळायचे, बस्स. त्याचा लांबचा फटका सुरेख बसला. चेंडू ग्रीनवर पडला, घरंगळला आणि होलाच्या वरच्या बाजूला थांबला. चार फूट. उतार. तोच कोपरा.

तो ग्रीनवर आला आणि थबकला. झेंड्याकडे बघितलं. मग सावकाश मान वळवून खड्ड्यात उभ्या असलेल्या माझ्याकडे.

मी त्याला 'झकास' म्हणून अंगठा वर करून दाखवला.

कितीतरी वेळ तो चेंडूमागे उकिडवा बसून राहिला. मग उठला, उभा राहिला, मारला. चेंडू डावीकडे गेला, वळलाच नाही, होलाच्या काठाला चाटून पाच फूट खाली गेला. शेवटचं होल त्याने बिनचूक खेळलं. एका फटक्याने तो सहावा आला. कार्डावर सही करून, मोजा न काढताच, कुणाशी न बोलता गाडीत बसून गेला.

घरी आलो तर सुनंदा भांडी घासत होती. मी तिला सगळं सांगितलं. वाटलं होतं, धीर देईल. तिने हातातलं पातेलं खाली ठेवलं.

"अहो, तो रोज तिथंच का मारत बसायचा?"

"आवडती जागा त्याची."

"आवडती?" ती म्हणाली. "नर्सिंगला असताना मला इंजेक्शन द्यायची भीती वाटायची. तर मी दोन महिने रोज संत्र्याला सुया टोचत बसायचे. ते काय मला संत्री आवडतात म्हणून? माणूस जे येत नाही तेच घोकतो हो!"

मी कधीच काही घोकलं नव्हतं. जे आलं नाही ते सोडून दिलं, शाळेसकट. मला कसं कळणार?

सकाळी शेडमध्ये गेलो तर रेमी आधीच कॉफी करत होता. मी दारातच सगळं ओकून टाकलं. ठिपका, सुरी, वाळू, संत्री.

"म्हणजे तू मुद्दाम ते होल तिथे कापलंस," तो सावकाश म्हणाला, "मला आवडतं म्हणून."

"हो."

तो खुर्चीवर बसला. मग त्याच्या खांद्यांना काहीतरी व्हायला लागलं. मला वाटलं, रडतोय. तो हसत होता. पोट धरून, टेबलावर तो पांढरा हात आपटून हसत होता. कॉफी उतू गेली तरी थांबेना. मग त्याने पाकिटातून वर्तमानपत्राचं एक जुनं, घड्यांवर फाटलेलं कात्रण काढलं. फोटोत तरुण रेमी, पिवळाच स्वेटर, एका होलाजवळ गुडघ्यावर वाकलेला. चेंडू बाहेर.

"पोर्तुगाल," तो म्हणाला. "मागचा डावा कोपरा. चार फूट, उतार, डावीकडून उजवीकडे. एका फटक्याने स्पर्धा गेली. लोक विचारायचे, कशी रे हरलास? चार फुटांचा चुकला असं किती वेळा सांगणार? म्हणून मी सूप मागवलं."

मी उतू गेलेली कॉफी पुसायला लागलो.

"बघ वसंत, होल चुकलं नाही. मी चुकलो. खुंटीला दहातले नऊ जातात, कारण खुंटीला काही फरक पडत नाही." त्याने कात्रण घडी करून ठेवलं. "पण तू अंगठा दाखवलास! ते मी देवाला सांगणार आहे. शिक्षा म्हणून महिनाभर भजी."

एवढ्यात बोलावणं आलं. क्रॉलींच्या ऑफिसात ते आणि स्पर्धेचा अधिकारी बसले होते. केन टोपी हातात घेऊन भिंतीला. ठिपका कुठे गेला, एवढाच प्रश्न होता. मी तोंड उघडलं, आणि न बोलावता माझ्या मागून आत आलेला रेमी म्हणाला, "सशाने खाल्ला."

"ससा?" क्रॉली म्हणाले. "रंग खातो?"

"मिस्टर क्रॉली, इंग्लिश ससा आहे. काहीही खातो. तुम्ही स्वतः जेवता काय ते बघितलंय का कधी?"

"मिस्टर दास्ताग, काल तुम्ही त्याच होलवर हरलात. तक्रार तुम्ही करायला हवी."

"म्हणूनच सांगतो. होल सरळ होतं. मी मोजून बघितलं. उत्तम काम. बाकी मला कळत नाही. नो इंग्लिश."

ज्याचं नुकसान झालं त्याचीच तक्रार नाही म्हटल्यावर अधिकाऱ्याने कंटाळून कागद मिटला. बाहेर आल्यावर केन माझ्या शेजारून चालत होता. म्हणाला, "हे ससे. पुन्हा दिसले तर मी स्वतः हाकलणार." आणि वर आकाशाकडे बघितलं.

महिना कसला, ऑक्टोबरपर्यंत भजी चालली. संध्याकाळी सतराव्यावर मात्र तो पुन्हा गेला नाही. कोपऱ्यातली छिद्रं हळूहळू भरून आली.

शेवटच्या दिवशी रेमीने दुकानाची किल्ली दिली, शेगडी मला दिली, भांडं मात्र बरोबर घेतलं. गाडी पहिल्या टीच्या मागे, नेहमीसारखी दोन जागा अडवून उभी. सगळं सामान भरून झालं आणि डिकी लावता लावता त्याने पिशवीतून एकच काठी बाहेर ओढली. चेंडू उंच उडवायची आखूड काठी.

"एक फटका," तो म्हणाला.

टीवर कुणी नव्हतं. तो चेंडू ठेवून उभा राहिला आणि मला काय झालं कोण जाणे. ज्या माणसाने इंग्रजीत दुकानात ब्रेड मागताना घाम पुसला, तो मी चौथऱ्याच्या कडेला ताठ उभा राहिलो, हात मागे बांधले, आणि मिरजेच्या मैदानावर आऊट म्हणून ओरडायचो तेवढ्या मोठ्याने पुकारलं :

"ऑन द टी! फ्रॉम फ्रान्स! रेमी दास्ताग!"

सगळं गप्प झालं. कावळेसुद्धा. रेमीने टोपी काढली. माझ्याकडे न बघता ती तशीच छातीशी धरून थोडा वेळ उभा राहिला. मग घातली, आणि फेअरवेकडे, म्हणजे चेंडू मारायच्या गवताच्या पट्ट्याकडे, पाठ केली.

माझ्या लक्षात येईपर्यंत उशीर झाला होता. घड्याळात साडेबारा वाजून गेले होते. चेंडू कापसासारखा हलका वर गेला, कुंपणाच्या झुडपावरून पलीकडे उतरला, आणि टेरेसवरून आधी एक छपाक आणि मग बशीचा आवाज आला.

"दास्ताग!"

झुडपावर मिस्टर क्रॉलींचं डोकं उगवलं. टायपासून कपाळापर्यंत हिरवं.

"सॉरी, मिस्टर क्रॉली!" रेमी काठीसकट गाडीत घुसला होता. "नो इंग्लिश!"

गाडी सुरू झाली. डाव्या बाजूच्या खिडकीतून तो पांढरा हात बाहेर आला, फाटकापर्यंत तसाच हलत राहिला, आणि वळणावर रेमीने डोकंही बाहेर काढलं.

"वसंत! वाटाण्याचं!" तो ओरडला. "आता बदलायचं नाही!"